रजा मागायची रांग

त्या रविवारी रात्री आई नेहमीसारखी चपला घालता घालता "येते गं" म्हणाली आणि लेक पुस्तकातून डोकं वर न काढता "हं" म्हणाली. आई जखमी सैनिकांच्या इस्पितळात नर्स होती. सोमवारी पहाटे ड्यूटीवरच कोसळली, ती उठलीच नाही. महिन्याभराने लेक तिचं सामान न्यायला इस्पितळात आली. ऑफिसच्या खिडकीसमोर, रांगेत तिच्यापुढे दोन नर्स होत्या. एक तरुण, एक पिकल्या केसांची.

"सिस्टर, काल नवऱ्याला झोपेतून उठवायला पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून हाक मारली. लांबूनच."

"मग?"

"म्हणतो, जवळ येऊन उठव की, मी काय तुझा पेशंट आहे?"

"त्याला सांग, आमच्याकडे झोपलेल्या सैनिकाला हात लावला की आधी ठोसा मिळतो, मग माफी."

"सांगितलं. पोट धरून हसला. मला मात्र हसू येईना. रडूही येईना."

"म्हणून तर म्हटलं, रजा माग."

"तुम्ही कधी घेतली होती?"

"माझं सोड. मी आता इथली खाट झालेय."

"खाटेला निदान चादर तरी बदलून मिळते."

"गप गं, भवाने!"

तेवढ्यात जिन्यावरून कुणी ओरडलं, "नवे जखमी आलेत! कोण मोकळं आहे?"

तरुण नर्स रांगेतून बाहेर पडली.

"अगं, तुझी रजा?"

"उद्या मागते."

लेकीने मागून तिचा दंड धरला.

"आज नको जाऊस," ती म्हणाली. "दमलीयेस तू, आई."