दादाने न लावलेलं लोखंड

दादाच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. चौक गावातल्या, खालापुरातल्या, आणि किनाऱ्यावरून पहाटे निघून इथवर आलेल्या सगळ्यांना. हायवेवरच्या गॅरेजवाल्यांनी आज शटर ओढून घेतलेत, ते येताना पाहिलं.

माझ्याआधी काहीजण बोलले. ते बोलत होते तेव्हा मी मान वर केली नाही. तुम्हाला वाटलं असेल, बहीण आहे, रडत असेल. मी रडत नव्हते. मला तुमच्याकडे बघवत नव्हतं. का, ते सांगितल्याशिवाय मला दादाविषयी बोलता येणार नाही.

दिलीपदादा माझा थोरला भाऊ. ट्रकची इंजिनं खोलता खोलता तो बोटींच्या इंजिनांकडे वळला. लोकांनी चेष्टा केली. "समुद्र हाय कुठं रं इथं? पाताळगंगेत बोट सोडतो का?" दादा म्हणायचा, "इंजिनाला काय ठाव समुद्र? त्याला डिझेल ठाव." स्वतः मात्र बोटीत बसला की ओकायचा. इथल्या बोटमालकांनी पाहिलंय ते. हसा, हरकत नाही. तोही हसायचा.

गिऱ्हाईक यायचं, विचारायचं, किती हॉर्सपॉवर काढून द्याल? दादा उलट विचारायचा, "बोटीवर माणसं किती?" ते कळल्यावर मग ताकदीचं बोलणं.

ताकद वाढवणं सोपं, असं तो म्हणायचा. ती बोटीखालच्या पंख्यापर्यंत नीट पोचवणं कठीण. लाटेवर बोट उचलली की पंखा पाण्याबाहेर येतो, इंजिन मोकाट पळतं. पंखा परत पाण्यात आपटला की सगळा दणका उलटा गिअरबॉक्सवर येतो. पंख्यात जाळं अडकलं तरी तेच. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये दादा रबराचं कपलिंग लावायचा. दणका आला की रबर पिळवटतं आणि तो आपल्यात जिरवतं. फाटलंच, तरी आतल्या खुंट्यांच्या आधाराने बोट हळूहळू घरी येते. गिअरचे दात उडाले तर येत नाही. मग लाटा नेतील तिकडे.

आणि गिऱ्हाईकं त्या रबरावरूनच भांडायची. "एवढं दांडगं मशीन, आन् मधी रबर?" दादाचं उत्तर ठरलेलं. "लोखंड तुटत नाय, म्हणूनच ते पुढच्याला तोडतं."

इंजिन द्यायच्या दिवशी तो मालकाला वर्कशॉपात, इंजिनाच्या स्टँडजवळ बोलवायचा. "ठेव हात." मालकाने गिअरबॉक्सवर तळहात ठेवायचा, आणि दादा चालत्या इंजिनाच्या गिअरचा दांडा पुढून मागे टाकायचा. ज्यांनी हात ठेवलाय त्यांना आठवत असेल. अंगावर झोपलेलं मूल कूस बदलतं ना, तेवढंच हाताला कळायचं.

दादा गेला तेव्हा हनीफभाईंच्या बोटीचं इंजिन स्टँडवर होतं. हनीफभाई समोर बसलेत. त्यांचा यात दोष नाही. ते मला म्हणाले, "ताई, लोखंडी कपलिंग बसवून द्या. दर मोसमाला रबर बदलायचा ताप नको. दादा ऐकत नव्हते, तुमी तरी ऐका."

मी ऐकलं.

दादाशी गिऱ्हाईक भांडायचं आणि परत यायचं. माझ्याशी कोण भांडणार? माझ्याकडून ते मुकाट निघून जाईल, दादाबरोबर वर्कशॉपही गेलं म्हणतील, अशी भीती वाटली. बाळू आमचा मिस्त्री. तो हातातला पाना तसाच धरून म्हणाला, "ताई, दादांनी नसतं लावलं." मी म्हटलं, "दादा नाय आता. लाव."

घरात दादाच्या नावाचा दिवा अजून जळत होता.

इंजिन चालवून बघायच्या दिवशी मी हनीफभाईंना ऑफिसात चहा दिला. ते उठायला लागले, तर म्हटलं, बसा हो, बाहेर धूर आहे. बाहेर जाऊन हात मी ठेवला. बाळूने दांडा टाकला. दणका कोपरापर्यंत आला. मी हात पुसला, आत आले, आणि म्हटलं, "झकास चालतंय."

मघाशी हनीफभाई इथे उभे राहून म्हणाले, या वर्कशॉपच्या इंजिनावर डोळे मिटून भरवसा ठेवावा. माझ्याकडे बघून म्हणाले. बोटीवर माणसं किती, हे मी त्यांना विचारलंच नव्हतं. आज, सभा सुरू व्हायच्या आधी विचारलं. त्यांचा धाकटा मुलगा आहे. जावई आहे. कशेळ्याकडच्या वाड्यांवरून कामाला गेलेली पोरं आहेत.

अजून कोणीतरी म्हणालं, दादा म्हणजे या घराचं कपलिंग होता. सगळ्यांचे दणके त्याने सोसले. खरं आहे. पण रबर तो वेळेवर बदलायचा. त्याला कोणी म्हटलं का, बाबा, तू आता जरा बाजूला हो? मी नाही म्हटलं. तो छातीला हात लावून बसायचा, आणि मी त्याच्या हातात पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन द्यायचे.

हनीफभाई, इंजिन टेंपोत चढलंय, सभा झाली की तुम्ही निघणार आहात. निघू नका. मी तुमच्याशी खोटं बोलले. ते इंजिन मी जाऊ देणार नाही. रबर लावीन, आणि या वेळी हात तुम्ही ठेवायचा. त्यानंतर भांडा माझ्याशी. दुसरीकडे जायचं असेल तर तेही बोलून जा. मी ऐकून घेईन.

दादाच्या फोटोला फूल वाहायला मी आत्ता पुढे येणार नाही. मला तो माझा हक्क वाटत नाही. इंजिन खाली उतरलं की येईन.

आता आपण सगळे उभे राहूया. थोडा वेळ कोणी काही बोलू नये.

बाळू, तू थांबू नकोस. तू जा, टेंपोचे दोर सोड.