पंचफुलाची चाल

रिसोडच्या स्टँडवर मेडशीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या जगदेवला मागच्या दोघी बायांचं बोलणं ऐकू आलं.

"पंचफुले, लेकानं मुंबईवून काय आणलं वं?"

"विलायती गाण्याची जुनी रेकार्ड. गोऱ्या बाईचा नुसता गळा, पेटी ना तबला."

"तुले काय समजलं त्यातलं?"

"लेक देवमनबी हेच म्हणे. मी म्हटलं, हिचा माणूस दूर गेला, अन् हे वाट पाहून राह्यली."

"मंग?"

"त्यानं कव्हरावरचं इंग्रजी वाचलं. तसंच निंघालं."

"अन् तू?"

"मी जात्यावरची ओवी धरली, तिच्याच चालीत. देवमननं रेकार्डवरची सुई उचलली. म्हणला, माय, आता तुहंच ऐकू दे."

"गायली?"

"पुरी गायली. सारी गल्ली दारात उभी होती."