टेकाडं

मॅडम : परत तेच चित्र? अगं, प्लॅटिनमचा स्फटिक नीट तापवून घेतला नसशील.

विद्यार्थिनी : घेतला, मॅडम. हे आधीचं बघा, आरशासारखं सपाट. आणि हे व्होल्टेज वर-खाली करून फेऱ्या दिल्यानंतरचं.

मॅडम : सगळी टेकाडंच उठलीत की!

विद्यार्थिनी : व्होल्टेज वाढवलं की ऑक्सिजन प्लॅटिनमवर येऊन बसतो. तोवर ठीक. पण एक पूर्णांक एक व्होल्टच्या पुढे गेलं की तो आत घुसतो आणि प्लॅटिनमचा अणू वर ढकलतो. व्होल्टेज उतरवलं की ऑक्सिजन निघून जातो, पण वर आलेले सगळे अणू काही आपल्या जागी परत बसत नाहीत. दर फेरीला टेकाड वाढतच जातं.

मॅडम : आणि मोठे सर आयुष्यभर सांगत आलेत, पृष्ठभाग पहिल्यासारखा होतो म्हणून.

विद्यार्थिनी : ते माझ्या प्रबंधाचे परीक्षक नसते तर...

मॅडम : आहेत ना पण! आणि मी पुढच्या महिन्यात निवृत्त होतेय. माझ्यामागे तुला इथे कुत्रं विचारणार नाही. नवा मार्गदर्शक, नवा विषय, पुन्हा पहिल्यापासून. आहे तयारी?

विद्यार्थिनी : परवा फोनवर माझी मुलगी मला मावशी म्हणाली. आई म्हणते ती माझ्या बहिणीला.

मॅडम : म्हणूनच सांगते. प्रबंधात व्होल्टेजची वरची मर्यादा पॉइंट नऊवर ठेव. तिथे पृष्ठभाग खरंच परत येतो.

विद्यार्थिनी : हो. ते खोटं नाही.

मॅडम : एका अक्षरानंही नाही.

विद्यार्थिनी : पण हायड्रोजनच्या गाडीतला इंधन-सेल चालू-बंद होताना त्याच्या कितीतरी वर जातो, मॅडम! कारखानावाले आपल्या भरवशावर प्लॅटिनमचा थर पातळ करतील. सहा महिन्यांत सेल बसतील.

मॅडम : मला कळत नाही असं वाटतं तुला? एकदा भर सभेत सरांविरुद्ध बोलले होते मी. तेव्हापासून माझी खोली जिन्याखाली आहे.

विद्यार्थिनी : प्रबंधाच्या शेवटी एकच ओळ टाकू? 'याहून वरचं व्होल्टेज तपासलेलं नाही.'

मॅडम : तपासलंयस की.

(दोघी पडद्यावरच्या चित्राकडे बघत राहतात.)

विद्यार्थिनी : म्हणजे तेवढी एकच ओळ खोटी ठरेल.

मॅडम : हो. म्हणून ती नको.

विद्यार्थिनी : आणि या चित्रांचं काय करू?

मॅडम : ते मला विचारू नकोस, बाळा.

विद्यार्थिनी : सरका जरा, मॅडम. मर्यादा बदलते.