गाडीतून ऑफिसला जाणारी सायकल

आमच्या ह्यांच्या इलेक्ट्रिक सायकलचं नाव काढलं, की मला आता रडूच येतं बघा. दुबईत जेएलटी भागात ह्यांचं ऑफिस आहे, त्यांनी योजना काढली. सायकल कंपनी घेऊन देणार आणि पैसे दर महिन्याला थोडे थोडे पगारातून कापणार. हे हरखलेच. "ट्रॅफिक खलास! आता रोज लेकीबरोबर जेवणार मी." लेक ताटावर बसून वाट बघते, म्हणून मीही हो म्हटलं.

सायकल शारजाला आमच्या घरी आली, तेव्हा शेजारचे रत्नागिरीचे सलीमभाई म्हणाले, "अवो भाऊ, दुबईच्या हायवेवर सायकल नेऊ देत नाय!"

ह्यांचा चेहरा उतरला.

"परत करा ना," मी म्हटलं.

"अगं, सही केली. ऑफिसात सायकल रोज दिसली नाही, तर सगळे पैसे एकदम कापतील."

आता हे रोज सायकल गाडीत घालून नेतात. ती चढवण्या-उतरवण्यात वेळ जातो, म्हणून आधीपेक्षा लवकर निघतात आणि उशिरा येतात. लेक जेवून झोपलेली असते.

काल सकाळी तिने ह्यांचा हात धरला. "बाबा, टेक मी ऑल्सो ना. सायकलला तर रोज नेतोस."

ह्यांनी गाडीचं दार उघडलं. मागच्या सीटवर जागाच नव्हती.