पूजलेल्या गिटारची खोट

मंडळी, आजच्या कीर्तनातला प्रश्न माझा नाही. त्या खांबापाशी माझ्या वर्गातल्या मैत्रिणी बसल्यात. हो, त्याच, ओढणीआड हसतायत त्या. त्यांनी पैज लावली, हा प्रश्न देवळात विचारून दाखव. तर विचारते. ज्या वस्तूला एकदा हळदकुंकू वाहिलं, तिच्यात खोट काढावी का?

आजोबा, लगेच मान हलवू नका. आधी ऐका.

कराडात मधुकरराव हुपरीकर पेढेवाले. त्यांची लेक केतकी, नववीतली. साळवी सरांच्या क्लासमध्ये, तिथल्याच एका टवके उडालेल्या गिटारवर शिकली, आणि बोटं अशी फिरायची की रस्त्यावरचा माणूस थांबायचा. मधुकररावांना वाटलं, पोरीला स्वतःची हवी. आणि आणली. नवीकोरी, परदेशी, इलेक्ट्रिक. काकू, गिटार म्हणजे सतारीची शहरात शिकायला गेलेली पुतणी समजा. सतारीच्या दांडीवर पडदे असतात, तसे हिच्या दांडीवर धातूचे बारीक पडदे. फक्त ही विजेवर गाते.

पेटीत एक कार्ड होतं — कसून तपासली आहे, खाली सही. सही फार सुंदर होती.

केतकीच्या आईनं गिटार पाटावर ठेवली. हार घातला, हळदकुंकू वाहिलं. बाबांनी गल्लीभर पेढे वाटले. आणि केतकी वाजवायला बसली.

खालचे सूर छान. पण वर, अगदी बारीक सुरांपाशी, तार ताणली की सूर लांबायला हवा ना — तो गुदमरायचा. खर्र करून मरायचा. पुन्हा वाजवलं, पुन्हा मेला.

आई म्हणाली, "नवीन आहे, हात बसेल."

साळवी सर म्हणाले, "बोट नीट दाब. हात बसेल."

हात बसेना. बोटांना फोड आले. बाहेर कुणी आलं की बाबा हौसेनं म्हणायचे, "केतकी, वाजव गं," आणि केतकी मुद्दाम खालचे सूर वाजवायची. शेवटी एक दिवस ती सरांना म्हणाली, "सर, मी सोडते. माझ्या हातात सूर नाही."

सर म्हणाले, "बघ बाई. वडिलांनी एवढी भारी गिटार आणून दिली, आणि तू..."

ते "आणि तू" तिच्या काळजात रुतलं.

जाता जाता तिनं क्लासमधली ती जुनी गिटार उचलली. निरोप म्हणून. तीच जागा वाजवली, तीच तार ताणली. सूर लांबला. लांबतच गेला.

केतकी घरी आली, कंपासमधली स्टीलची पट्टी काढली आणि गिटारच्या दांडीवर आडवी-उभी टेकवून बघू लागली. सगळीकडे पट्टी सपाट बसली. वर एका ठिकाणी मात्र डुलली. एक पडदा उंच बसलेला. केसभर. तेवढं पुरतं सूर मारायला.

"बाबा, खोट गिटारमध्ये आहे."

"काहीतरीच. एवढ्या किमतीची वस्तू न बघता देतील का?"

मंडळी, हा माणूस स्वतःच्या दुकानात खवा चाखल्याशिवाय पेढा वळू देत नाही. पण परक्याची सही दिसली, की जीभ गप्प.

"ही पट्टी बघा, बाबा. डुलतेय."

त्यांनी पाहिलं. स्वतः डुलवून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "गल्लीभर पेढे वाटलेत गं मी."

आई म्हणाली, "आणि पूजा झालीय. पूजलेली वस्तू परत करतात का कुणी?"

"आई, गणपती आणताना तू सोंड का चाचपतेस?"

"तडा असला तर?"

"म्हणजे देवावर संशय?"

"देवावर कसला? ज्यानं मूर्ती घडवली त्याच्यावर."

"आणि घरी बसवल्यावर तडा दिसला तर?"

आई म्हणाली, "तर उत्तरपूजा करायची. अक्षता टाकायच्या, आणि हलवायचं."

आजोबा, आता हलवा मान.

मंडळी, त्या घरात सगळ्यांनी केतकीच्या बोटांवर संशय घेतला. तिनं स्वतःसुद्धा. गिटारवर कुणी घेतला नाही, कारण ती महाग होती. देवाची सोंड आपण चाचपून घेतो, आणि किमतीपुढे हात जोडतो. तुमच्या घरी असं कुणी आहे का, जे रोज ऐकतंय, "तुझाच हात बसत नाही"? घरी जा, आणि एकदा पट्टी लावून बघा. त्या लेकराला नाही — त्याच्या हातात तुम्ही जे दिलंय, त्याला.

केतकीनं गिटारवरचा सुकलेला हार उतरवला. आईबाबांसमोर उभी राहिली. म्हणाली,

"आई, बाबा, आज दिवेलागणीला मी हिच्यावर अक्षता टाकणार. उद्या दुकानात परत नेणार, आणि त्यांच्यासमोर पट्टी ठेवणार. तुम्ही आलात तर बरं वाटेल. नाही आलात तरी जाणार. आणि तिथून थेट सरांकडे — शिकणं मी सोडत नाहीये."