बिनसंवादाच्या सीनचे पैसे आणि फुटलेला दिवा

मी, नाव ओळखपत्रावरून वर उतरवून घेतलं आहे, कामावर मला सगळे भडक्या म्हणतात, वय तेवीस, शिक्षण कॉलेजचं दुसरं वर्ष (मधेच सोडलं), व्यवसाय टीव्ही मालिकेचं संवादलेखन, राहणार थोरल्या बहिणीकडे, लॉन्ड्रीच्या वरची खोली, आज ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगतो की,

मी एका रोजच्या कौटुंबिक मालिकेत कामाला आहे. शूटिंग जुन्या गोदामात उभारलेल्या सेटवर चालतं. मेकअप रूमच्या बाहेर खुर्ची टाकून मी लिहितो आणि पान निघालं की तसंच सेटवर जातं. कागदाच्या डाव्या बाजूला कृती असते, उजव्या बाजूला संवाद. पैसे पानावर मिळतात. प्रॉडक्शन मॅनेजर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते फक्त उजवी बाजू मोजतात. ही पद्धत मी यायच्या आधीपासूनची आहे.

आज सकाळी मी दिलेल्या सीनमध्ये सून घर सोडून निघालेली असते. तिच्या बॅगेची चेन अडकते. सासू मेणबत्ती आणून चेनवर घासते आणि ती सुरळीत करून देते. चेन अडकलेलीच ठेवली असती तर सून कदाचित थांबली असती, हे दोघींना कळतं. कोणी काही बोलत नाही. सीन दोन पानांचा आहे.

हे सुचलं कुठून, असं मला विचारण्यात आलं. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. सेटवर कंटिन्युइटी बघणारी जी मुलगी आहे, म्हणजे मागच्या शॉटमधली वस्तू पुढच्या शॉटमध्ये जागेवर आहे की नाही हे बघणारी, तिच्या बॅगेची चेन मी दोनदा नीट करून दिली आहे, एवढंच सांगतो.

मामांनी पानं उलटून पाहिली आणि म्हणाले, "भडक्या, उजवी बाजू कोरी आहे. घाईत राहिली का?"

मी म्हणालो, "राहिली नाही मामा. त्या बोलतच नाहीत."

"बोलत नाहीत, मग तू लिहिलंस काय?"

"डावीकडे वाचा ना."

"अरे, गप्प बसायचे पैसे द्यायला लागलो तर आधी मीच नाही का घेणार?" असं म्हणून त्यांनी पानांवर काट मारली. बाजूचे लोक हसले. याआधीही माझ्या अशा सीनचे पैसे कापले गेले आहेत, शूटिंग मात्र झालं, तेव्हा मी बोललो नव्हतो. या वेळी कंटिन्युइटीवाली मुलगी तिथे उभी होती. ती हसली नाही.

मी पानं उचलली, सेटवरच्या पलंगावर जाऊन बसलो आणि म्हणालो, "लिहिलेलंच नाही ना? मग घ्या शूटिंग." मामांनी कागद ओढले. माझा हात उडाला आणि शेजारचा टेबललॅम्प पडून फुटला. मी तो फेकला नाही. त्यावर सदर मुलगी म्हणाली, "शहाणा आहेस! हा दिवा मागच्या सीनमध्ये पेटलेला आहे. आता कुठून आणू, तुझ्या डोक्यातून?" यानंतर मामांनी ठाण्यात फोन केला.

दिग्दर्शक सासूचं काम करणाऱ्या बाईंना म्हणाले, "ताई, सीन तुम्हाला ठाऊक आहे, करा मनाने." या बाई आमच्यात सर्वांत ज्येष्ठ आहेत. त्या मामांकडे वळून म्हणाल्या, "मनाने करायचे पैसे मी वेगळे घेते हो. आणि लिहिलेलंच नाही तर करू काय, खांबासारखी उभी राहू?" मग कॅमेरा सुरू केल्यावर त्या खरोखरच खांबासारख्या उभ्या राहिल्या. सुनेचं काम करणारीही उभी राहिली. मी पलंगावरच होतो, त्यामुळे शॉटमध्ये दिसत होतो. तिसऱ्या वेळी कॅमेरामनलाच हसू आवरेना.

पोलीस आले त्याच सुमारास निर्मात्या मॅडमही आल्या. त्यांनी माझ्या हातातून पानं घेतली आणि उभ्यानेच वाचली, डावी बाजू. वाचून झाल्यावर परत पहिल्यापासून वाचली. मग मामांना विचारलं, "हे लिहिलंय कोणी?"

"यानेच. पण संवाद—"

"मग लिहिलंय ना. यापुढे सीनवर पैसे लावायचे, ओळी मोजायच्या नाहीत. आणि आत्तापर्यंत असे किती कापलेत?" मामा वर लाइटकडे बघू लागले. मागचे हिशेब या आठवड्यात काढा, असं मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं. दिव्याची किंमत माझ्याकडून वळती करायची ठरली. ते मला मान्य आहे.

पोलिसांच्या परवानगीने सीन घेतला गेला. पलंगाशेजारी दिव्याच्या जागी सदर मुलीनेच फुलदाणी ठेवली. एका टेकमध्ये झाला. झाल्यावर कोणी लगेच "कट" म्हटलं नाही. मी पडद्यामागे उभा होतो. सदर मुलगी शेजारी होती. अंतर विचारल्यास साधारण एक वीत.

ठाण्यात आल्यावर मामांना तक्रार मागे घ्यायची होती. अर्जाचा कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "भाच्या, तूच लिही बाबा. तुझा हात चालतो."

मी विचारलं, "किती देणार?"

हवालदारसाहेब हसले. मामांनी कपाळावर हात मारला, पण खिशातून नोट काढली. मी अर्ज लिहून दिला आणि नोट घेतली. लिहिल्या दिवशीच पैसे हातात पडण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. घरी पोचवायला कोणी आहे का, असं विचारलं असता, आहे. बाहेर बाकावर बसली आहे, मांडीवर तीच चेनची बॅग.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे, कुठे ओळ गाळलेली नाही, म्हणून खाली सही करतो.