पांढऱ्या गाडीमागे

—नाही, ते हात आधी खाली घ्या बघू. दारात उभं राहून असे हात जोडलेत तर समोरच्या वहिनी काय म्हणतील. आत या, बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, इथे सोफ्यावर. हां. हर्षू घरात नाहीये — हर्षवर्धन हो, माझा मुलगा, ज्याने तुमच्या गाडीचा फोटो टाकलाय तोच. कॉलेजात गेलाय, येईल आता. कामणवरून आलो म्हणालात तेव्हाच ओळखलं मी, गाडी तिकडची आहे असं ग्रुपवर आलंच होतं, नाव सांगायची गरजच नव्हती. पाणी देते थांबा. 'पानी नको' म्हणालात, म्हणजे इकडचेच की तुम्ही, आणि लोकांनी त्या फोटोखाली काय काय लिहून ठेवलंय — बाहेरचा आहे, पिऊन चालवत होता, अशाला भर रस्त्यात झोडपा — वाचलंय मी सगळं. चष्मा लावून वाचलंय. गाडी खाली लावली नाहीत ना? रिक्षाने आलात? बरं केलंत. ती पांढरी व्हॅन सध्या चंदनसारमध्ये आणूच नका.

पोस्ट काढायला सांगा म्हणून आलात, कळलं मला. त्या फोटोत तुमचा चेहरा नाही, नुसती पाठ आहे — वाकून कुत्र्याला उचलताय — पण गाडीचा नंबर स्वच्छ दिसतो. रस्त्यावरच्या कोणीतरी काढलेला फोटो, सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि तिथून हर्षूने घेतला. त्याने तुम्हाला कधी पाहिलेलंसुद्धा नाही. गोदामातल्या मुलींची ने-आण करता ना तुम्ही? — काय? कंत्राटदाराने गाडी बंद ठेवायला सांगितली? — अरेरे. आणि घरी मग कसं — बाई गं. रागावू नका भाऊ, पण मीही तुम्हाला शिव्या दिल्यात. मनातल्या मनात नाही, गॅससमोर उभी राहून तोंडाने दिल्यात. आमचा सुक्या होता हो तो.

सुक्या म्हणजे सुकेळ्या. हर्षूचा मित्र आहे एक, गॉडफ्रे, वसईचा, त्याच्या वाडीत सापडलेलं पिल्लू. तिकडे केळी वाळवून सुकेळी करतात ना, तसं तपकिरी आणि लांबडं, म्हणून गॉडफ्रेच्या आईने ते नाव ठेवलं. मी म्हटलं होतं, कुत्रं घरात नको. माझं कोण ऐकतंय? आणि मग मीच त्याच्यासाठी वेगळी भाकरी थापायला लागले. हर्षू फिल्म शिकतो, अंधेरीला. त्याचे बाबा नातेवाइकांना अजून 'मीडियात आहे' असंच सांगतात. घरात नुसता उच्छाद — सोफ्यावर लेन्स, फ्रिजवर चार्जर, बेसिनशेजारी ते कॅमेऱ्याचे तीन पाय. मी चहा ओतत असले की म्हणायचा, आई, परत ओत, फोकस गेला. कितीदा ओतू? चहा थंड झाला की म्हणे, वाफ दिसत नाहीये, गरम कर. चिडायचे मी, पण ओतायचे. चारचौघांसारखं आपलं पोर घरात वैताग देतंय, याचंच मला — जाऊ दे. ते नंतर.

यंदा त्याला शेवटचा पिक्चर करायचा होता, छोटासाच, त्यावर पास-नापास ठरणार. गोष्ट काय, तर एक कुटुंब घर बदलतं, कुत्र्याला मागे सोडतं आणि ते कुत्रं त्यांच्या गाडीमागे धावतं. संपलं. मी म्हटलं, एवढंच? तर म्हणाला, आई, एवढंच तर आहे. पण सुक्याला गाडीमागे धावायला लावणार कसं? तो तर रिक्षाला घाबरून माझ्या पायात यायचा. मग काढली यांनी युक्ती. गॉडफ्रेच्या डॅडींची व्हॅन आहे, पांढरी, तुमच्यासारखीच. गास गावाकडे जातो तो सरळ रस्ता माहितीये ना, दोन्ही बाजूंना मिठागरं? तिथे रोज पहाटे. मागचं दार वर केलेलं, हर्षू कॅमेरा घेऊन पाय खाली सोडून बसलाय, गॉडफ्रे हळूहळू गाडी पुढे घेतोय आणि ती सलोनी, त्याच्या वर्गातली, हातात उकडलेली कलेजी धरून हाका मारतेय. कलेजी मी द्यायचे डब्यात घालून. गाडी चालली की धावायचं, गाडी थांबली की मागे येऊन बसायचं, बसलं की कलेजी. हुशार हो फार, पटकन शिकला. नंतर नंतर तर मागचं दार बंद असलं तरी धावायचा. त्याला माहीत ना, थांबली की उघडणार. मग इथे खालीसुद्धा पांढरी व्हॅन दिसली की याची शेपटी — चहा टाकते हां मी. साखर चालते ना तुम्हाला?

म्हणजे मला असं नाही म्हणायचं की तुमची काही — आलं घालू? हां. तो धावण्याचा तुकडा दाखवला त्याने मला लॅपटॉपवर. मी रडले. आता मला ठाऊक आहे, मेला कलेजीसाठी धावतोय, डबा मीच भरलेला, पण बघताना वाटतं की जगात याचं कोणी उरलं नाही. आणि मी रडतेय तर सुक्या माझ्या पायाशी बसून जांभया देतोय. कॉलेजातल्या सरांनी म्हणे खांद्यावर हात ठेवला हर्षूच्या. केवढा खूश होता पोरगा. आता ती फाइल उघडत नाही. जमा करायची तारीख आली तोंडावर, गॉडफ्रे नि सलोनी दोघं येऊन समजावून गेले, त्यांचेही मार्क आहेत त्यात, पण हा नुसता मोबाइल धरून गाडीच्या नंबरावरून तुम्हाला शोधत बसतो.

आता तुम्ही एवढ्या लांबून आलात म्हणून सांगते, कोणाला बोलू नका. गेटवरच्या कॅमेऱ्यातलं मला वॉचमनने दाखवलं. सकाळची वेळ, हर्षू अजून झोपलेला, सुक्या गेटजवळ लोळत होता. तुमची व्हॅन समोरून गेली. यानं कान टवकारले, उठला आणि शेपूट वर करून सुटला. भुंकला नाही, काही नाही. कामाला निघाल्यासारखा गेला हो. मी वॉचमनला म्हटलं, हे हर्षूला दाखवायचं नाही, अजिबात नाही. म्हणजे बघा, तुमच्या मागे तो का आला, ते त्या दिवसापासून ठाऊक आहे मला. हर्षूच्या डोक्यात अजून आलं नाहीये, की तो येऊ देत नाहीये, देव जाणे. त्याचा आपला एकच धोशा, ड्रायव्हरने मुद्दाम उडवला. आणि उडवलात तर तुम्हीच ना शेवटी, मुद्दाम नसेल, पण — काय? — तुम्ही नाही?

सावकाश सांगा. — आरशात दिसला. बराच वेळ मागे येतोय म्हणून गाडीतल्या मुलीच म्हणाल्या, थांबा, कोणाचं तरी चुकलेलं दिसतंय. तुम्ही गाडी कडेला घेतलीत. — आणि तो बसला? मागच्या दाराशी? — वर बघत. — तुम्ही उतरून मागे येईपर्यंत तो डंपर.

थांबा, गॅस बंद करून येते.

बसला म्हणजे. शिकवलेलं सगळं केलं त्याने. तुम्ही थांबलात म्हणून बसला. न थांबता गेला असतात तर दमून आला असता परत, पाणी प्यायला असता बाथरूममधल्या बादलीतलं — नाही हो, तुम्हाला नाही बोल लावत. तुम्ही चांगुलपणा केलात. मुक्या जिवासाठी थांबणारा माणूस तुम्ही, आणि आम्ही तुमचं काय करून ठेवलं. उचलून कडेलाही तुम्हीच ठेवलात, आणि तोच फोटो निघाला. चहा घ्या. घ्या ना.

काय म्हणालात? हे सगळं मुलाला सांगा? — नाही. ते नाही जमायचं. तुम्ही मला दुसरं काहीही सांगा, कंत्राटदाराला फोन करायला सांगा, तुमच्या घरी येऊन पाया पडायला सांगा, ते करीन. हे नाही. ते दार बघा, त्या कॅलेंडरशेजारचं. हर्षूची खोली. त्या दाराला आतून कडी नाही. आधी होती. आम्ही त्याला इंजिनिअरिंगला घातलं होतं, त्याला नको होतं, आम्ही घातलं. नापास झाला, परत बसला, परत नापास, मग खोलीत गेला तो बाहेरच येईना. ताट दाराशी ठेवायचं, तसंच उचलायचं. एका दुपारी मी हाका मारतेय तर आतून उत्तर नाही. समोरच्या वहिनींच्या मिस्टरांनी दार फोडलं. जिवंत होता, हो. भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याच्या मुठीत जे होतं ते मी काढून घेतलं, आजवर एका शब्दाने विचारलं नाही. त्याच्या बाबांना सांगितलं, दार फुगून अडकलं होतं. आणि सुताराला बोलावून कडी काढून टाकली. हे मी माझ्या सख्ख्या बहिणीला सांगितलेलं नाही, तुम्हाला कशाला सांगतेय कोण जाणे.

त्यानंतर आला गॉडफ्रे ते पिल्लू घेऊन. पिल्लाला सकाळ-संध्याकाळ खाली न्यावंच लागतं ना? म्हणून हा खाली उतरला. खाली उतरला म्हणून मोबाइलवर फोटो काढायला लागला — सुक्याचे, गॅरेजच्या बाहेर गंजत पडलेल्या गाड्यांचे, एखादी जुनी फियाट दिसली की गुडघे टेकून बसायचा धुळीत. मग एक दिवस म्हणाला, आई, मला हे शिकायचंय. माझा मुलगा मला त्या कुत्र्याने परत आणून दिलाय भाऊ. आणि आता मी त्याला जाऊन सांगू, तो मेला कारण तू त्याला शिकवलंस? तुमच्यावर चिडतोय ना, तोवर जेवतो तो. पोलिसात जाणार म्हणतो आणि जेवतो, गॉडफ्रेशी भांडतो आणि जेवतो. तो राग काढून घेतला तर त्याच्याकडे काय राहील? तुम्ही थोडे दिवस वाईट राहा. परक्या बाईने मागावं असं मागणं नाही हे, कळतंय मला. पण राहा. मग विसरतील लोक, गाडी सुरू होईल तुमची.

काय झालं? — मुलगी? — शाळेत? — काय म्हणतात तिला? — कुत्रेमाऱ्याची पोर. शी. कितवीत आहे? — पाचवीत. आणि तिने घरी येऊन विचारलं, बाबा, तुम्ही खरंच मारलं का. — मग, सांगितलंत ना तुम्ही तिला, थांबलो होतो म्हणून? — पटलं तिला? — नाही पटलं.

डोळे पुसा. असे नका हो रडू, पुरुषमाणसाला रडताना बघितलं की मला काही सुचत नाही. हा नॅपकिन घ्या, धुतलेला आहे. मी काय बोलून गेले तुम्हाला, माझं पोर ते पोर आणि तुमचं कोण? ठीक आहे. सांगते. आजच सांगते, तुमच्यासमोर सांगते. समोर माणूस बसलेला बघितला की त्याला कळेल, दुष्ट नाही माझा हर्षू, मनाने फार हळवा आहे. गेटवरचं दाखवते, डंपरचं तुम्ही सांगा. मग रात्रभर मी बसेन त्याच्या उशाशी, दाराला कडी नाहीच आहे. तो फोटो काढायला लावते आणि दुसरं लिहायला लावते, की हा माणूस थांबला होता. तुमच्या मुलीला वाचून दाखवा. बसा तुम्ही, चहा संपवा. उठायचं नाही आता. — लिफ्ट आली. तोच आहे. बसून राहा, मी आहे ना.

— आलास? दार पुढे कर ते. — असा का दिसतोयस? उन्हाचा आलास म्हणून, की — जेवलास का? — सकाळपासून काहीच नाही? चहासुद्धा नाही? हर्षू, इकडे बघ माझ्याकडे. — बरं, बरं, नाही विचारत. — कोण? — हे?

हे — हे फिल्टरवाले. पाण्याचा फिल्टर बघायला बोलावलं होतं मी, तुला वास येतो म्हणत होतास ना पाण्याला. झालं, झालं त्यांचं काम. — हो रे, चहा दिलाय त्यांना, बघ ना कप. — स्टेशनला? नको, तू कशाला सोडतोस बाईकवर, दमून आलायस. त्यांना अजून दोन घरं करायची आहेत याच बिल्डिंगमध्ये. हो ना भाऊ? — जा तू, हातपाय धू, पान वाढते मी. जा ना राजा.

— उठा भाऊ. असं काय बघताय. चप्पल त्या बाजूला आहे तुमची. आणि पुढच्या वेळी फोन करूनच या, दुपारचं घरात कोणी नसतं.